झोपडपट्टी, भ्रष्टाचार आणि गरिबीचे दुष्टचक्र

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे साडेसहा कोटी नागरिक झोपडपट्ट्यांमध्ये राहत होते. शहरी लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. या वस्त्यांतील दारिद्र्याची चर्चा करताना रोजगार आणि निवारा यांचा विचार प्रामुख्याने होतो. मात्र भ्रष्टाचार हेही त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

हक्क की मेहरबानी?

सधन कुटुंब खुल्या बाजारातून धान्य घेते, खासगी दवाखान्यात उपचार घेते. गरीब कुटुंबाला त्यासाठी शासकीय यंत्रणेवरच अवलंबून राहावे लागते. त्यातच अनेकांकडे घराच्या मालकीचा किंवा रहिवासाचा पुरेसा पुरावा नसतो. परिणामी, जे हक्काचे आहे तेही मेहरबानी म्हणून मागावे लागते आणि लाचखोरीला वाव मिळतो.

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल इंडिया आणि सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थांचा या विषयावरील अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांनी ११ सेवांसाठी एका वर्षात सुमारे ८८३ कोटी रुपयांची लाच दिली असावी, असा अंदाज त्यात वर्तवण्यात आला होता.

सुंदरनगरीचा अनुभव

पूर्व दिल्लीतील सुंदरनगरी या पुनर्वसन वसाहतीत हे वास्तव कागदपत्रांनिशी समोर आले. अंत्योदय योजनेत गहू २ रुपये, तर तांदूळ ३ रुपये किलो दराने मिळणे अपेक्षित होते. येथील एका कार्डधारक महिलेकडून मात्र अनुक्रमे ५ आणि १० रुपये घेतले जात. तिने २००३ मध्ये दिल्लीच्या माहिती अधिकार कायद्यान्वये नोंदी मागवल्या. तिला दरमहा ठरलेल्या दराने धान्य दिल्याचे त्यात दाखवले होते. पावत्यांवर अंगठ्याचे ठसे होते. प्रत्यक्षात ती महिला सही करीत असे.

तत्पूर्वी, डिसेंबर २००२ मध्ये 'परिवर्तन' संस्थेने येथे जनसुनावणी घेतली होती. सुंदरनगरी आणि न्यू सीमापुरीतील सुमारे १ कोटी ३० लाख रुपयांच्या सार्वजनिक कामांची पडताळणी केली असता, सुमारे ७० लाख रुपयांच्या वस्तू जागेवर आढळल्या नाहीत. अनेक हातपंप आणि गटारांवरील जाळ्या केवळ कागदावरच होत्या.

दुहेरी नुकसान

धान्य मिळाले नाही की ते बाजारभावाने घ्यावे लागते. दाद मागायला गेल्यास दिवसाची मजुरी बुडते. आजारपण आले की सावकाराचे दार ठोठवावे लागते. फेरीवाल्याला माल जप्त होऊ नये म्हणून हप्ता द्यावा लागतो आणि धंदा वाढवण्यासाठी भांडवल उरत नाही. रक्कम लहान दिसली तरी अशा कुटुंबाची बचत त्यातच संपते.

नियोजन आयोगाच्या २००५ मधील मूल्यमापनानुसार, अनुदानित धान्यापैकी सुमारे ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपर्यंत पोहोचत नव्हते. लाभार्थी निवडीतील चुका आणि गैरव्यवहार ही त्याची कारणे होती.

कायद्याचा आधार

२००५ मध्ये देशभर माहितीचा अधिकार लागू झाला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधावाटपाच्या नोंदी जनतेसाठी खुल्या ठेवणे आणि सामाजिक लेखापरीक्षण करणे बंधनकारक केले. फेरीवाल्यांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा योजनेतील धान्य मोफत दिले जात आहे.

तथापि, धान्य मोफत झाले तरी वजनात मारले जाऊ शकते आणि कार्ड मिळवण्यासाठी लाच मागितली जाऊ शकते. सुंदरनगरीत सरकारी दप्तरातील नोंद आणि घरात आलेले धान्य यांची तुलना करता आली, तेव्हाच चोरी उघड झाली. ही तुलना प्रत्येक वस्तीत सहजपणे करता येणे, हीच या कायद्यांची खरी कसोटी आहे.