मोबाइलमधील खडखड : दोष की रचना?

जबलपूर : हलवल्यावर मोबाइलमधून येणारी खडखड हा दोषच असतो, असे नाही. छायाचित्र स्थिर यावे म्हणून अनेक कॅमेऱ्यांतील भिंग किंचित मोकळे ठेवलेले असते. कॅमेरा सुरू करून फोन हलक्या हाताने हलवावा. आवाज थांबला, तर तो बहुधा भिंगाचाच. आवाज कायम राहिला किंवा छायाचित्रे थरथरू लागली, तर मात्र तपासणी हवी. दुचाकीच्या हँडलला फोन लावणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. इंजिनाच्या कंपनांनी ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. वॉरंटी असूनही दुरुस्ती नाकारल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे.