लिहिलं नव्हतं म्हणून इतिहास नव्हता काय?

विहाराच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीने मागे इतिहासाचं पुस्तक आमच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "इतिहासपूर्व म्हणजे इतिहासाच्या आधीचं ना? मग त्या लोकांना इतिहासच नव्हता का?" प्रश्न साधा, पण तो मनात बोचत राहिला. आपल्या आज्या-पणज्यांना जन्मभर हेच ऐकावं लागलं होतं : तुमचं कुठं काही लिहिलेलं आहे? ज्यांच्या हाती पाटी येऊ दिली नाही त्यांनाच लिहिलेलं दाखवा म्हणायचं, हा न्याय अजबच. म्हणून या स्मरणिकेत पुस्तकातल्या अशा काही शब्दांविषयी लिहावं, उदाहरणं होता होईल तो आपल्याच भागातली द्यावीत, असं आम्ही ठरवलं.

इतिहासपूर्व काळ म्हणजे ज्या काळातलं लेखन आपल्याला मिळालेलं नाही तो काळ. एवढाच त्याचा अर्थ. माणसं होती, संसार होते, सुखदुःखं होती, अक्षर नव्हतं. आणि अक्षर आहे पण ते आपल्याला वाचता येत नाही, अशा काळाला आद्य-इतिहास म्हणतात. मोहेंजोदडोचं उदाहरण घ्या. तिथल्या टेकाडावर कुषाण काळातला समजला जाणारा बौद्ध स्तूप होता. त्याच्यासाठी राखालदास बॅनर्जी १९२२ साली खोदायला गेले आणि खाली त्याहून दोन-अडीच हजार वर्षं जुनं शहर लागलं. पक्क्या विटांची घरं, झाकलेली गटारं, मोठं स्नानकुंड, शिक्के! १९२४ साली जॉन मार्शल यांनी ही बातमी जगाला दिली. त्या शिक्क्यांवरची लिपी अजून कोणालाही खात्रीने वाचता आलेली नाही. म्हणून त्या लोकांना अडाणी म्हणायचं काय?

अश्मयुग, ताम्रपाषाण युग, लोहयुग ही नावं हत्यारं कशाची होती त्यावरून पडली. दगडाची, तांब्याची आणि दगडाची, लोखंडाची. परीक्षेपुरतं तेवढं पुरे. पण एक युग संपलं म्हणून दवंडी पिटली आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरं सुरू झालं, असं मुळीच नाही. एका गावात लोखंड आलं तरी पलीकडच्या रानात दगडाचंच हत्यार चालू असे.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातलं ते शेतकऱ्यांचं गाव. घरात लेकरू दगावलं तर त्याला दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं जुळवून, घराच्या जमिनीखालीच पुरत. त्या आईबापाने काही लिहून ठेवलं नाही. तरी काय कळायचं ते कळतंच.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. नागपूरजवळ जुनापाणीला मोठमोठ्या दगडांची शेकडो वर्तुळं आहेत. यांना शिलावर्तुळं म्हणतात आणि त्या संस्कृतीला महापाषाण संस्कृती. बुटीबोरीकडच्या टाकळघाट-खापा इथं डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे खोदकाम केलं. वर्तुळांच्या आत मृतांचे अवशेष, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर निघाले. माणसाबरोबर घोडाही पुरलेला. माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने मिळाले. आणि पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला सुमारे २७०० वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे आपल्या भागातले कारागीर मातीतून लोखंड काढत होते, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आमच्यातले काही उत्साही मित्र ही वर्तुळं म्हणजे बौद्ध स्तूपच, असं सांगत फिरतात. आम्हाला हे पटत नाही. ती थडगी आहेत आणि त्यातली बरीच तथागतांच्याही आधीची आहेत. ती माणसं आपले पूर्वज होती की नव्हती, हे दगड सांगत नाही. दुसऱ्यांनी पुराव्याशिवाय इतिहास रचला म्हणून आपण रागावतो, मग आपणही तेच करायचं का?

काळ कसा ठरवतात, हेही मुलं विचारतात. एक रीत थरांची. खालचा थर जुना, वरचा नवा. दुसरी कार्बन-१४ ची. झाड तोडलं, जनावर मेलं की त्याच्यातला हा कार्बन घटू लागतो आणि साधारण ५७३० वर्षांनी निम्मा उरतो. चुलीतल्या कोळशाच्या तुकड्यात तो किती राहिला, यावरून चूल कधी पेटली होती त्याचा अंदाज येतो. इ.स.पूर्व सन मात्र उलटे मोजायचे, आकडा मोठा तितका काळ जुना. बुद्धाब्द आठवा म्हणजे सोपं जाईल. परंपरेने महापरिनिर्वाण इ.स.पूर्व ५४४ चं. त्यात १९५६ मिळवले की २५०० होतात. नागपूरची धम्मदीक्षा त्याच वर्षातली. (इतिहासकार महापरिनिर्वाणाचा काळ याहून अलीकडचा धरतात, ती गोष्ट वेगळी.)

अक्षर आलं आणि इतिहासकाळ सुरू झाला. सम्राट अशोकाचे लेख इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातले. त्यांची ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये उलगडली. त्यानंतरच्या काळातले लेख भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला, वैनगंगेकाठी मिळाले. १९६९-७० मध्ये तिथं जगन्नाथ टेकडीवर आणि चांदकापूरला स्तूप उघडे झाले. तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. मुचलिंद नागाचं शिल्प आहे, त्यावर त्याचं नावही आहे. नैकुंडच्या लोहाराचं नाव हरवलं. इथं दान देणाऱ्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. अक्षराने एवढा फरक पडतो.

पवनी आणि आपलं पवनार यांत गल्लत करू नका. पवनार पिपरी मेघेहून सायकलने जाण्याइतकं जवळ, धाम नदीवर. तिथल्या टेकाडावर १९६७ मध्ये देव आणि म. के. ढवळीकर यांनी खोदकाम केलं, तेव्हा सातवाहनांच्याही आधीपासूनचे वस्तीचे थर निघाले. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं वा. वि. मिराशींचं मत होतं.

अशा टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. शेताची जमीन काळी, वस्तीची पांढरी. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती शेकडो वर्षं साचून ती माती तशी होते. आणि हीच माती लोक गाडी-गाडी भरून शेतात टाकायला नेतात, शिलावर्तुळांचे दगड घराच्या पायात जातात. नेणाऱ्याला दोष कसा द्यावा? त्याला कोणी कधी सांगितलंच नाही.

अभ्यासिकेतल्या एका पोराने एकदा नदीकाठच्या टेकाडावरून खापराचा तुकडा दप्तरात घालून आणला. काळा-तांबडा, गुळगुळीत. "सर, हे किती जुनं?" आम्हाला सांगता येईना. आम्ही विचारलं, कुठल्या थरात होतं, शेजारी काय होतं? तो म्हणाला, "म्या त उचललं न् घातलं दप्तरात." पुढच्या रविवारी तो आणि आम्ही सायकली काढून तिथं गेलो. जागा काही त्याला नेमकी सापडली नाही.