पाटीवरची भाषा आणि दोन मुख्यमंत्री

उमेदवाराची शिक्षणविषयक कामगिरी त्याच्या भाषणांवरून नव्हे, त्याच्या कारकिर्दीत निघालेल्या शासनादेशांवरून पारखावी, असे आम्हांस वाटते. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाची ही खोड म्हणा हवी तर. त्या दृष्टीने जानेवारी 1983 ची कर्नाटक विधानसभेची निवडणूक बेळगाव-निपाणीकडील मराठी कुटुंबांनी पुन्हा एकदा पाहण्यासारखी आहे. आर. गुंडूराव तीन वर्षे मुख्यमंत्रिपद भोगून मतदारांपुढे आले होते आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला निर्णय शाळेचाच होता.

मुळात तो वाद आपला नव्हता. संस्कृत प्रथम भाषा म्हणून घेऊन कन्नडास बगल देता येते, यावर कन्नड मुलखात रोष होता. गुंडूरावांनी 1980 मध्ये विनायक कृष्ण गोकाक यांची समिती नेमली. गोकाक हे मोठे कन्नड कवी. पण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकविलेले, सांगलीच्या विलिंग्डनचे व कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले. मराठी मुलखाशी इतका घरोबा असलेल्या गृहस्थाच्या नावाची धास्ती आमच्याच घरांनी घ्यावी, हा दैवयोगच. माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी, अशी शिफारस समितीने जानेवारी 1981 मध्ये केली.

अहवाल वर्षभर फडताळात पडून राहिला. पुढे चळवळ पेटली, नट राजकुमार तिच्यात उतरले, आणि 30 एप्रिल 1982 रोजी आदेश निघाला. पाठोपाठ 20 जुलैला दुसरा. मराठी शाळेतील मुलास पहिलीपासून कन्नड सक्तीचे आणि माध्यमिक शाळेत एकमेव प्रथम भाषा कन्नड, असा त्याचा आशय. कन्नड शिकण्यास आमचा विरोध कधीच नव्हता. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काय अन् बेळगावच्या कोर्टात काय, ती लागतेच. प्रश्न वयाचा आणि गुणांचा होता. सहा वर्षांच्या लेकराने एकाच वर्षी बालबोध आणि कानडी अशा दोन लिप्या गिरवावयाच्या, आणि पुढे ज्याच्या घरी जन्मापासून कन्नड बोलले जाते त्याच्याबरोबर एकाच पत्रिकेवर गुण मिळवावयाचे! घटनेचे 350-अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावयास सांगते, त्याचा विचार या आदेशामागे आम्हांस दिसत नाही. दिसते ती रस्त्यावरच्या गर्दीची मोजदाद.

आदेशाने गुंडूरावांस तारले नाही. सोमवारपेठेत ते स्वतःच पडले. रामकृष्ण हेगडे आले. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या 1983 च्या कायद्याने जिल्हा परिषदांना खरे अधिकार दिले आणि प्राथमिक शाळांचा कारभार बेंगळूरहून जिल्ह्यात आला. परंतु भाषेचा आदेश त्यांनी मागे घेतला नाही. जून 1986 मध्ये सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक आपण दरवर्षी 1 जूनला पाहतोच. विकेंद्रीकरणाचा एवढा पुरस्कर्ता मुख्यमंत्री, पण गावच्या शाळेत कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून, हे मात्र गावाने ठरवावयाचे नव्हते.

अखेर 1989 मध्ये उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर 19 जून 1989 चा आदेश निघाला : कन्नड तिसरीपासून, ऐच्छिक, परीक्षेविना. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये तो उचलून धरला. या आदेशाची तारीख आम्ही मुद्दाम देत आहोत. एप्रिलमध्ये बोम्मई सरकार बरखास्त झाले होते, राज्यात राष्ट्रपती राजवट होती. मते मागावयास जाणारा एकही मंत्री त्या वेळी खुर्चीवर नव्हता.

निवडून आलेल्या सरकारने 2015 मध्ये पुन्हा कायदा केला, आणि 2017-18 पासून पहिलीच्या वर्गापासून टप्प्याटप्प्याने कन्नड सर्व शाळांत अनिवार्य झाले.