वंशावळ जमवताना : नावापुढे पुरावा



आपल्याकडे सध्या बऱ्याच घरी वंशावळ जमवायचे काम चालू आहे. कोणाला मुलांना आपले घराणे दाखवायचे असते, कोणाला ओसीआय कार्डासाठी आजोबा-पणजोबांपर्यंतचे नाते कागदावर सिद्ध करायचे असते, तर कोणाची गावच्या जमिनीवरची वारस नोंद राहिलेली असते. सॉफ्टवेअरला तोटा नाही. ग्रॅम्प्ससारखे चांगले सॉफ्टवेअर तर फुकट मिळते. प्रश्न आहे तो त्यात भरायच्या माहितीचा. एखादे नाव आत्याने फोनवर सांगितले होते की फेरफारात पाहिले होते, हे दोन वर्षांनी आठवत नाही. मग एखादा चुलतभाऊ तीच फाईल उतरवून घेतो आणि एकच ऐकीव गोष्ट दोन ठिकाणी दिसू लागते. पाहणाऱ्याला वाटते, दोन पुरावे आहेत!

तेव्हा प्रत्येक नाव, तारीख आणि नाते कोठून मिळाले ते तिथेच लगेच लिहावे. "काकांकडून" एवढे पुरत नाही. कोणत्या काकांनी, कोणत्या तारखेला सांगितले, त्यांनी स्वतः पाहिले होते की त्यांनाही कोणी सांगितले होते, एवढे हवे. कागद असेल तर कोणते दफ्तर, कोणते गाव, नोंदीचा नंबर आणि सोबत पूर्ण पानाचा फोटो. नुसत्या हव्या त्या ओळीचा फोटो काढला की पानाच्या डोक्यावरचे गाव आणि वर्ष राहून जाते.

सगळ्यात मोठा घोळ नावांचा. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली पद्धत, त्यामुळे तीच दोन नावे आलटून पालटून येतात. पेशव्यांचेच पाहा ना. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी (म्हणजे नानासाहेब), आणि दुसरे बाजीराव हे पहिल्या बाजीरावांचे नातू. ही माणसे प्रसिद्ध म्हणून आपण चुकत नाही. घरच्या यादीतल्या दोन गोविंद बल्लाळांचा मात्र एकच गोविंद सहज होतो, आणि मधल्या दोन पिढ्या गळून पडतात. बाप-लेकात साठ-सत्तर वर्षांचे अंतर दिसले की तिथे थांबून शोध घ्यावा.

दत्तकाचेही तसेच. झाशीच्या दामोदररावांचे मूळ नाव आनंदराव होते. दत्तक गेलेला मुलगा दोन घरांच्या यादीत दोन नावांनी सापडतो, म्हणून जन्माचे नाते आणि दत्तकाचे नाते दोन्ही वेगवेगळी नोंदवावीत.

तारखांमध्ये शाळेच्या दाखल्यावरची १ जून आपल्या सगळ्यांच्या ओळखीची! शाळा जूनमध्ये सुरू होणार, मुलाचे वय बसले पाहिजे, मग गुरुजींनी १ जून लिहून टाकली. दाखला खरा असतो, पण ती तारीख जन्माची असेलच असे नाही. उलट श्राद्धाची तिथी घरोघरी पिढ्यान्पिढ्या पाळलेली असते, त्यामुळे मृत्यूचा महिना, पक्ष आणि तिथी बहुधा भरवशाची असते, फक्त वर्ष मिळत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा आहे. त्याआधीचे शोधायचे तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, पाहावे लागते.

जुन्या कागदावर शक असेल तर ७८ मिळवावेत, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८२२ चा माघ हा १९०१ सालात येतो, १९०० त नव्हे. सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, आणि आपल्याकडचा फसली असेल तर ५९० किंवा ५९१. हे दोन्ही सन मृगापासून सुरू होतात. एकाच्या जागी दुसरा धरला तर नऊ वर्षांचा फरक पडतो, म्हणून मूळ कागदावरची तारीख जशीच्या तशी लिहून पुढे आपले गणित लिहावे.

आता स्त्रियांविषयी. जुन्या वंशावळींत मुली बहुधा नसतातच, आणि सुनांचे फक्त सासरचे नाव असते. लग्नात पहिले नावही बदलायची पद्धत असल्याने पणजीचे माहेर हरवते. इथे फेरफार फार उपयोगी पडतो. खातेदार वारला की वारसांची नावे, नाते आणि बऱ्याचदा वय लिहिले जाते, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत विधवेबरोबर मुलीही दिसतात. पुढे त्यांनी हक्कसोड केली असली तरी नाव कागदावर राहते. महाराष्ट्र शासनाच्या "आपले अभिलेख" या साइटवर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत, त्यामुळे भारतात न जाताही सुरुवात करता येते. लग्नपत्रिकाही टाकू नयेत. माहेरचे आडनाव, गाव, तारीख सगळे एका कागदावर असते.

त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आपला मोठा ठेवा. पण त्या वाचतानाही विवेक हवा. यात्रेला आलेल्या माणसाची आणि त्याच्या मुलांची नोंद पक्की मानावी. त्याने सांगितलेले खापरपणजोबांचे नाव मात्र ऐकीवच, फक्त जुने ऐकीव. कागद मोडीत असेल तर लिप्यंतराबरोबर मूळ फोटोही जपावा. मोडीत शब्द न तोडता लिहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा करीत नसत, त्यामुळे दुसरा जाणकार वेगळे वाचू शकतो.

दोन कागदांत दोन जन्मवर्षे निघाली तर एक पुसू नये. दोन्ही ठेवावीत आणि आपण कोणते का धरले ते लिहावे. दुवा मिळत नसेल तर जागा कोरी ठेवावी. त्याच आडनावाचे आणि त्याच गावचे म्हणून एखाद्या सरदाराला आपला पूर्वज करण्याचा मोह फार जणांना होतो! माझ्या मते कोरी चौकट चांगली, कारण पुढे कोणीतरी ती शोधायला निघतो.

जाता जाता आयटीवाल्याची एक सूचना. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव उघड्या साइटवर टाकू नका, इथल्या बँका ओळख पटवायला हेच विचारतात. फाईल गेडकॉम स्वरूपात वर्षातून एकदा उतरवून घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवा, आणि फोटोंचा फोल्डर वेगळा द्यायला विसरू नका. गेडकॉमच्या साध्या फाईलमध्ये फोटो जात नाहीत, फक्त त्यांची नावे जातात.