रोगप्रतिकारक पेशी गोठवून कशा जपतात?

गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नायट्रोजनचे भांडे असते. त्यात उणे १९६ अंश सेल्सिअसला वळूचे वीर्य वर्षानुवर्षे टिकते. संशोधनासाठी माणसाच्या रक्तातील रोगप्रतिकारक पेशीही अशाच जपतात.

आधी त्या वेगळ्या कराव्या लागतात. फायकॉल नावाच्या द्रवावर रक्त हळूच सोडून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. लाल पेशी तळाला जातात, प्लाझ्मा वर राहतो आणि मध्ये पांढरट, ढगाळ थर दिसतो. त्यात लिम्फोसाइट व मोनोसाइट पेशी असतात. १ मिलिलीटर रक्तातून साधारण १० लाख मिळतात. न्यूट्रोफिल पेशींना मात्र गोठवणे सोसत नाही, त्यांच्यासाठी ताजेच रक्त लागते.

पेशीतले पाणी गोठले की बर्फाचे स्फटिक तिला फाडतात. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याचे वीर्य ग्लिसरॉल घालून गोठवले आणि मार्ग सापडला. १९५९ मध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी डीएमएसओ हे रसायन पुढे आणले. आज पेशींच्या मिश्रणात ते साधारण १० टक्के असते. तापमान मिनिटाला सुमारे १ अंशाने उतरवतात, मग कुप्या नायट्रोजनमध्ये जातात. वितळवताना उलट: ३७ अंशांच्या पाण्यात, एक-दोन मिनिटांत. डीएमएसओ पेशींना विषारी, त्यामुळे ते लगेच धुऊन काढावे लागते.

खरी अडचण मात्र गोठवण्याच्या आधी येते. बोईसरला घेतलेले रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायचे तर अंतर सुमारे १०० किलोमीटर. पेशी शक्यतो ८ तासांच्या आत वेगळ्या केलेल्या बऱ्या. २४ तासांनंतर टी-पेशींचा प्रतिसाद मंदावू लागतो आणि पांढऱ्या थरात नको त्या पेशी मिसळतात. थर्मासमध्ये बर्फ घालून रक्त पाठवणे हा उपाय वाटतो, पण तो चुकीचा. या कामासाठी रक्त खोलीच्या तापमानालाच ठेवतात. पालघरच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेला डबा म्हणजे खोलीचे तापमान नव्हे, हेही आलेच.

समजा, एखाद्या लशीच्या अभ्यासात मुंबईचे नमुने दोन तासांत पोहोचले आणि तारापूर, डहाणू, जव्हारचे दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या गटाच्या पेशी सुस्त दिसतील. तो फरक प्रवासाचा, पण अहवालात तिथल्या लोकांची प्रतिकारशक्ती कमी असल्याची नोंद होऊ शकते. म्हणून रक्त घेतल्याची आणि पेशी गोठवल्याची वेळ प्रत्येक नमुन्यासोबत नोंदवतात. सेंट्रिफ्यूज आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर जवळच्या रुग्णालयातच असेल, तर पेशी तिथेच गोठवून पुढे पाठवता येतात.