मुलांचे बळी थांबवा

नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण महायुद्धानंतर तिथेही मोटारींचेच राज्य आले होते. १९७१ साली रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. अपघातात मुलगी गमावलेले पत्रकार विक लांगेनहोफ यांनी १९७२ मध्ये ‘मुलांचे बळी थांबवा’ हा लेख लिहिला. त्याच नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. १९७६ मध्ये निवासी गल्ल्यांत वाहनांनी माणसाच्या चालीनेच जावे, असा कायदा झाला.

वेगच का? वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. मेंदू, यकृत, प्लीहा यांना ती सोसत नाही. कॉलऱ्याच्या साथीत आपण आधी पाणी शुद्ध करतो. रुग्णाला दोष देत बसत नाही. रस्त्यांनाही तोच न्याय लावायला हवा.