पक्ष्यांतील स्वभावभेद आणि अधिजनुकशास्त्र

एकाच जातीच्या, एकाच शिवारातल्या पक्ष्यांत एखादा धीट तर दुसरा बुजरा असतो आणि हा फरक ऋतू पालटले तरी टिकतो. या भेदाची मुळे काही संशोधक जनुकांवरील रासायनिक खुणांत शोधतात. अशा खुणांचा अभ्यास म्हणजे अधिजनुकशास्त्र. यात जनुकाची अक्षरे तीच राहतात. मात्र डीएनएतील सायटोसिन या अक्षराला मिथिल गट चिकटला की जनुकाचे काम बहुधा मंदावते. याला मिथिलीकरण म्हणतात.

नेदरलँड्समधील ग्रेट टिट (आपल्या राखी वल्गुलीचा जवळचा नातलग) पाच कृत्रिम झाडांच्या खोलीत सोडून त्याची चौकसवृत्ती मोजतात. चौकस आणि संथ पक्ष्यांत डोपामिन-ग्राहीच्या डीआरडी4 जनुकाचे मिथिलीकरण रक्ताच्या नमुन्यांत वेगळे असल्याचे 2016 मध्ये दिसले. अर्थात रक्तातली खूण म्हणजे मेंदूतली खूण नव्हे, हे विसरून चालत नाही.

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण मुलखाला जवळचे उदाहरण केनियातले आहे. ज्वारीच्या शिवारात थव्याने उतरणाऱ्या भोरड्यांचा तिथला भाऊबंद म्हणजे सुपर्ब स्टार्लिंग. विणीपूर्वीचा काळ कोरडा गेला, तर पिलांत, विशेषतः नरांत, ताण-संप्रेरकाच्या ग्राही जनुकावरील मिथिलीकरण कमी आढळले (2016). पावसाचा परिणाम असा अंडे फुटण्याआधीच पिलापर्यंत पोचत असावा. ही खूण म्हणजे थेट स्वभाव नव्हे. पण बुजरेपणाची नाळ ताणाच्या प्रतिसादाशी जुळलेली असते.

केनियातच मोंबासाला 1950 च्या सुमारास पोचलेल्या घरचिमण्यांचे वंशज पुढे देशभर पसरले. नव्या मुलखाच्या सीमेवरच्या चिमण्या अधिक चौकस निघाल्या (2012), तर जनुकीय विविधता जिथे कमी तिथे मिथिलीकरणाची विविधता जास्त दिसली (2013). या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे, असे अजून सिद्ध झालेले नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याबाबत मिथिलीकरणाच्या विविधतेचा हा मुद्दा कुणालाही दिलासा वाटू शकेल. 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले. आता तिथे एखाददुसराच पक्षी दिसतो. देशातल्या माळढोकांची मायटोकॉन्ड्रियल विविधता फारच तुटपुंजी असल्याचे 2011 च्या अभ्यासात आढळले. म्हणजे जनुके आटली तरी खुणा तारतील? चिमणीचा हिशेब इथे लावता येत नाही. चिमणी वर्षात अनेकदा विते, दर खेपेस चार-पाच अंडी घालते. माळढोकाची मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते.